मजकुराचे वाफे

मुलांनो, आज घरात आलेलं वर्तमानपत्र जमिनीवर पसरा आणि फूटपट्टी घेऊन त्याच्याजवळ बसा. बातम्या वाचायच्या नाहीत हं! आज फक्त मोजायचं. आधी पूर्ण पानाची रुंदी मोजा. मग एखाद्या बातमीतली एक ओळ किती रुंद आहे ते मोजा. आता शोधा पाहू, पानाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग गेलेली एक तरी ओळ आहे का? एखादा मोठा मथळा असेल. पण बातमीची ओळ? नाही सापडणार. थोडं अंतर गेलं की ओळ थांबते, खाली वळते, आणि तळाला पोचली की शेजारच्या पट्ट्यात पुन्हा वरून सुरू होते.

या उभ्या पट्ट्यांना मराठीत 'रकाने' म्हणतात. छापखान्यातली माणसं सरळ 'कॉलम' म्हणतात. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना मी आणखी सोपं करून सांगते. भाजीला पाणी देताना सगळ्या रानात एकदम पाणी सोडतात का? नाही. वाफे पाडतात. पाटाचं पाणी पहिल्या वाफ्यात सोडायचं, तो भरला की दार बंद करून पुढच्या वाफ्यात घ्यायचं. पाणी तेच, वाटून दिलेलं. रकान्यांत मजकूर असाच सोडतात. पहिला रकाना भरला की उरलेला दुसऱ्यात, तो भरला की तिसऱ्यात. आणि वाफ्यांप्रमाणेच इथेही सगळी मेख शेवटच्या वाफ्यात असते, ती कशी ते पुढे येईल.

पण मुळात वाफे पाडायचेच कशाला? एक छोटा प्रयोग करा. एखादं पुस्तक वाचताना बहीण-भावाच्या डोळ्यांकडे बघा. डोळे डावीकडून उजवीकडे टप्प्याटप्प्याने जातात आणि ओळ संपली की झपकन मागे डावीकडे येतात. ओळ आखूड असेल तर ही परतीची उडी सोपी. ओळ खूप लांब असेल तर परत येताना नजर चुकते, तीच ओळ पुन्हा वाचली जाते किंवा मधली एक ओळ गळते. पहिली-दुसरीतली मुलं ओळीखाली बोट ठेवून वाचतात ना, ती याच भीतीने! अक्षरं मोठी असतील तर लांब ओळ चालते, कारण ओळींमध्ये अंतरही मोठं असतं. पण वर्तमानपत्राचं पान रुंद आणि अक्षर बारीक. बारीक अक्षरांच्या ओळी पानभर लांब केल्या, तर आजोबांना चष्म्याबरोबर फूटपट्टीही लागेल.

ही युक्ती वर्तमानपत्रांच्याही फार आधीची आहे. 'कोडेक्स सिनायटिकस' नावाचं ग्रीक भाषेतलं बायबलचं हस्तलिखित चौथ्या शतकातलं आहे. त्याच्या बऱ्याचशा पानांवर चार-चार रकाने आहेत. पुस्तक उघडलं की समोर एकदम आठ! आपल्याकडेही पश्चिम भारतातल्या जुन्या जैन पोथ्या पाहिल्या तर लांबलचक ताडपत्रावरचा मजकूर दोन किंवा तीन भागांत लिहिलेला दिसतो. मधल्या मोकळ्या जागेत पोथीची दोरी ओवायचं भोक असतं. म्हणजे दोरीची सोय झाली आणि ओळही आखूड झाली.

जर्मनीतल्या माइन्त्स गावी योहान गुटेनबर्ग यांनी १४५५ च्या सुमारास खिळे जुळवून जे प्रसिद्ध बायबल छापलं, त्यालाही प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत. एका रकान्यात ४२ ओळी, म्हणून त्या ग्रंथाला '४२ ओळींचं बायबल' म्हणतात. गंमत म्हणजे सुरुवातीच्या काही पानांवर ४० ओळी आहेत, मग एका पानावर ४१, आणि पुढे ४२. एका पानावर दोन ओळी जास्त बसवल्या तर बाराशेहून अधिक पानांच्या पुस्तकात कागद किती वाचेल, याचा हिशेब तुम्ही करू शकाल. साडेपाचशे वर्षांपूर्वीही मंडळी कागदाची काटकसर करीत होती, बरं का!

आणि आपलं पहिलं मराठी वर्तमानपत्र? बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण'. त्याचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाला. महाराष्ट्रात ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा होतो तो यामुळेच. 'दर्पण'च्या पानावर शेजारी-शेजारी दोन रकाने असत, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. पण थांबा, हे आपल्या वाफ्यांसारखं आहे का? नाही! इथे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जात नाही. इंग्रजी रकाना आपला खाली खाली जातो आणि मराठी त्याच्या जोडीने चालतो, तीन पायांच्या शर्यतीत पाय बांधलेल्या दोन मुलांसारखा. दिसायला दोन्ही पानं सारखीच दोन रकान्यांची, पण मांडणी अगदी वेगळी. संगणकावर काम करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून लक्षात ठेवा.

आता दोन रकान्यांच्या मधल्या मोकळ्या गल्लीकडे वळू. ती गल्ली अरुंद झाली तर काय होतं? ही दोन रकान्यांतली दोन वेगळी निवेदनं पाहा. पहिल्या रकान्यात अशा ओळी आहेत :

आमच्या शाळेत काल
नवे मुख्याध्यापक
रुजू झाले. सर्वांनी
टाळ्या वाजवून
त्यांचे स्वागत केले.

आणि शेजारच्या रकान्यात अशा :

गोठ्यातून सुटलेले
रेडकू तळ्यात
उतरले. गुराख्याने
शेपटीला धरून
बाहेर ओढले.

आता मधे गल्लीच नाही असं समजून सरळ आडवं वाचा. 'आमच्या शाळेत काल गोठ्यातून सुटलेले नवे मुख्याध्यापक रेडकू तळ्यात रुजू झाले. सर्वांनी उतरले. गुराख्याने टाळ्या वाजवून शेपटीला धरून त्यांचे स्वागत केले बाहेर ओढले.' हसलात ना? माझ्या वर्गात हे फळ्यावर लिहिलं तेव्हा पाच मिनिटं कुणी ऐकायला तयार नव्हतं. म्हणून गल्ली हवी. काही अंकांत गल्लीच्या मधोमध एक बारीक उभी रेघही ओढतात, म्हणजे नजर कुंपण ओलांडत नाही.

पूर्वी हे सगळं हातांनी होई. शिशाचा एकेक खिळा उचलून जुळारी तो हातातल्या पट्टीत उलटा लावी. पट्टी रकान्याच्या रुंदीइतकीच उघडी ठेवलेली असे. ओळ थोडी कमी पडली तर शब्दांमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालून ती दोन्ही कडांना घट्ट बसवायची. रकाना उंचीला कमी पडला तर दोन ओळींच्या मध्ये पट्ट्या घालायच्या. देवनागरीला काने, मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत. त्यांचे कप्पे जुळाऱ्याला पाठ असत, जसे तुम्हाला पाढे. (पाठ असतात ना?) पुढे अक्षरं फोटोच्या कागदावर छापून यायला लागली. मग तो कागद कात्रीने कापून, मोठ्या तक्त्यावर डिंकाने रकान्यांप्रमाणे चिकटवायचा. एक शब्द बदलला की पुन्हा कात्री! १९८५ साली 'पेजमेकर' नावाचा प्रोग्रॅम आला आणि हे कापणं-चिकटवणं संगणकाच्या पडद्यावर होऊ लागलं. आपल्याकडे 'डीटीपी'ची दुकानं निघाली ती त्यानंतर.

पण त्याच्याही आधीपासून एक संगणकशास्त्राचे प्राध्यापक निराळ्याच वाटेने निघाले होते. त्यांचं नाव डोनाल्ड कनूथ. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ते शिकवत. संगणकाच्या प्रोग्रॅमिंगवर त्यांनी जाडजूड ग्रंथमाला लिहायला घेतली होती. पहिल्या भागाची छपाई खिळ्यांची, देखणी. पण १९७७ साली दुसऱ्या भागाच्या नव्या आवृत्तीची तपासायची मुद्रितं हाती आली, ती नव्या फोटो-पद्धतीची. ती पाहून ते हिरमुसले. अक्षरं बेढब, गणिताची चिन्हं विस्कटलेली. दुसरा कुणी असता तर प्रकाशकाला रागाचं पत्र लिहून मोकळा झाला असता. कनूथ यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला घेतला. थोड्या दिवसांत होईल असं त्यांना वाटलं होतं. लागली सुमारे दहा वर्षं!

त्या प्रोग्रॅमचं नाव 'टेक'. नावातलं शेवटचं अक्षर दिसतं इंग्रजी एक्ससारखं, पण ते ग्रीक अक्षर आहे, म्हणून उच्चार 'टेक्स' नाही. त्यांनी तो विकला नाही, सर्वांना मोफत देऊन टाकला. त्याच्या आवृत्त्यांचे क्रमांकही मजेदार आहेत. ३.१४, मग ३.१४१, मग ३.१४१५. ओळखलंत? हो, वर्तुळाचा पाय! प्रत्येक दुरुस्तीनंतर एक अंक वाढतो. त्यांच्या पुस्तकात कुणी चूक दाखवली तर ते २ डॉलर ५६ सेंट बक्षीस देतात. २५६ म्हणजे १६ गुणिले १६, आणि संगणकाच्या मंडळींना १६ वर फार प्रेम.

'टेक' हे इंजिन. त्यावर बसवलेली गाडी म्हणजे 'लाटेक'. ती १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तयार केली. यात माउसने चौकटी ओढायच्या नसतात. साध्या मजकुरात सूचना लिहायच्या : हा मथळा, हा परिच्छेद, इथून पुढे तीन रकाने. मग संगणक सूचना वाचून पान तयार करतो. स्वयंपाकघरात आई ताईला सांगते ना, 'कांदा बारीक चीर, कढई तापली की मोहरी टाक', आणि भाजी होते, तसंच.

लाटेकमध्ये दोन रकान्यांची सोय पहिल्यापासून होती. पण तिच्यात दोन अडचणी. एक म्हणजे एकदम नवं पान सुरू व्हायचं, त्याच पानावर वर एक रकाना आणि खाली दोन असं सहज जमत नसे. दुसरी अडचण शेवटच्या पानाची. पहिला रकाना काठोकाठ भरायचा आणि उरलेला सगळा दुष्काळ दुसऱ्या रकान्यात! कधी कधी तर दुसरा रकाना पूर्ण कोराच. यावर उपाय काढला फ्रांक मिटेलबाख या जर्मन गृहस्थांनी. १९८९ साली त्यांनी आपली जोडणी प्रसिद्ध केली. तिचं नाव 'मल्टिकॉल'. तिच्यामुळे त्याच पानावर दोन रकाने, मग तीन, मग पुन्हा सलग ओळ असं हवं तसं करता येतं, आणि शेवटी सगळे रकाने सारख्या उंचीचे होतात.

वापरायला ती अवघड नाही. फाइलच्या वरच्या भागात 'मल्टिकॉल' ही जोडणी हवी असं सांगायचं. मग जिथून रकाने हवेत तिथे उलटी तिरकी रेघ देऊन 'बिगिन', महिरपी कंसात 'मल्टिकॉल्स' आणि पुढच्या महिरपी कंसात रकान्यांची संख्या. मजकूर संपला की तसंच 'एंड'. हे शब्द रोमन लिपीत टाइप करायचे असतात. एक खोच आहे. वर जोडणी मागवताना शेवटी 'स' नाही, खाली वापरताना मात्र 'स' आहे. नवशिक्यांचा निम्मा वेळ या एका 'स'पायी जातो.

आता थोडं गणित. लाटेकच्या साध्या लेखात मजकुराची रुंदी ३४५ पॉइंट असते. पॉइंट हे छापखान्याचं माप. टेकमध्ये एका इंचात ७२.२७ पॉइंट धरतात. म्हणजे ३४५ पॉइंट सुमारे १२१ मिलिमीटर झाले. आपला ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद. उरलेले ८९ मिलिमीटर दोन्ही बाजूंचा समास! नव्याने लाटेक वापरणारे सगळे कुरकुरतात की एवढा कागद वाया का घालवलात. पण कारण तुम्हाला आता माहीत आहे, लांब ओळीत नजर चुकते. याच ३४५ पॉइंटांत तीन रकाने पाडायचे असतील तर गल्ल्या किती? दोन. एका गल्लीची ठरलेली रुंदी १० पॉइंट, म्हणजे साडेतीन मिलिमीटर. ३४५ मधून २० गेले, राहिले ३२५. भागिले तीन, सुमारे १०८ पॉइंट. एक रकाना सुमारे ३८ मिलिमीटर, तुमच्या खोडरबरापेक्षा फार मोठा नाही! दोनच रकाने केले तर? ते तुम्ही करा. उत्तर १६७.५ यायला हवं.

हे सगळं मी का शिकले, ते सांगते. एका शाळेच्या वार्षिक अंकात चौथीतल्या एका मुलीचा लेख आला होता. विषय होता गावची विहीर. तिने छान लिहिलं होतं. ती विहिरीत पोहायला शिकली, पहिल्यांदा वरून उडी मारताना घाबरली, घरी ओरडा बसला, मग रात्री आजीच्या कुशीत शिरली. अंक छापून आला. तिने धावत जाऊन आपलं पान काढलं. लेख रकान्याच्या तळाशी संपला होता तो असा : 'मग आजी मला म्हणाली,' आणि खाली एक गुलाबाचं फूल! पुढच्या चार ओळी गायब. ती मुलगी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "बाई, आजी काय म्हणाली ते कुठं आहे?"

काय झालं होतं? ज्या दुकानात अंक जुळवला, तिथल्या प्रोग्रॅममध्ये मजकूर चौकटीत ओततात. चौकट लहान पडली की जास्तीचा मजकूर पुसला जात नाही, आत दडून राहतो. चौकटीच्या खालच्या कडेला एक छोटीशी लाल खूण तेवढी दिसते, पाणी वाफ्याबाहेर जातंय असं सांगणारी. ती खूण कुणी पाहिली नाही, वर फूल ठेवून दिलं. अंक छापून झालेले. शेवटी आम्ही त्या चार ओळी छोट्या चिठ्ठ्यांवर छापून घेतल्या, आणि चौथीच्या सगळ्या वर्गाने मधल्या सुट्टीत बसून प्रत्येक अंकातल्या गुलाबावर एकेक चिठ्ठी चिकटवली. आजी काय म्हणाली होती? 'कुणाला सांगू नकोस, मीपण तुझ्याएवढी असताना इथूनच उडी मारली होती.' आता सांगा, ही ओळ गाळून तो लेख लेख राहतो का?

पुढच्या वर्षी अंकाची जुळणी शाळेतल्या संगणकावरच झाली. तेव्हा मला मल्टिकॉलची सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, की तिथे चौकटच नाही. मजकूर आधी सगळा मोजला जातो, मग त्याचे रकाने होतात. एका पानात मावला नाही तर पुढचं पान उघडतं, पण ओळ दडून बसत नाही. पान वाढलं तर खर्च वाढतो हे खरं. पण मग बसून ठरवायचं, कोणतं चित्र लहान करायचं, अक्षर थोडं बारीक करायचं का. ठरवायचं माणसांनी, आणि उघड्या डोळ्यांनी.

रकाने सारखे कसे होतात, ते पाहण्याजोगं आहे. एखाद्याला वाटेल की सोपं आहे, एकूण उंची भागिले रकाने. १० ओळींना दोन रकाने, पाच-पाच. पण ११ ओळी असतील तर? ओळ मधोमध कापता येत नाही. शिवाय मथळे असतात, चित्रं असतात, त्यांचे तुकडे करता येत नाहीत. म्हणून मल्टिकॉल असं करतं : आधी भागाकार करून एक उंची अंदाजाने धरतं. त्या उंचीने पहिला रकाना कापून पाहतं, मग दुसरा. उरलेलं सगळं शेवटच्या रकान्यात घालतं. शेवटचा रकाना बाकीच्यांपेक्षा उंच झाला? मग जमलं नाही! सगळं पुन्हा एकत्र करायचं, उंची एका पॉइंटने वाढवायची आणि पुन्हा कापायचं. पुन्हा नाही जमलं, आणखी एक पॉइंट. एक पॉइंट म्हणजे मिलिमीटरचा जवळजवळ तिसरा हिस्सा. जमेपर्यंत हे चालू. कंटाळा नाही, चिडचिड नाही. आमच्या वर्गातली वडापाव वाटणारी मॉनिटर मंडळी इतक्या शांतपणे वाटणी करतील तर किती बरं होईल!

आता मराठीचा खास प्रश्न. रकाना अरुंद आणि दोन्ही कडा सरळ हव्यात, तर शब्दांमध्ये मोठाली भोकं पडतात. मराठी शब्दांना प्रत्यय चिकटून ते आगगाडीसारखे लांब होतात. 'शाळेतल्यांसाठीसुद्धा' हा एकच शब्द ३८ मिलिमीटरच्या रकान्यातली निम्मी-अधिक ओळ खातो. पुढचा शब्द तेवढाच लांब असेल तर तो खाली जातो आणि वरच्या ओळीत दात पडल्यासारखी फट राहते. एखादं असं पान उलटं धरून डोळे अर्धवट मिटून बघा. फटींच्या पांढऱ्या नद्या वरून खाली वाहताना दिसतील.

टेकने यावर चांगली तोड काढली आहे. खिळ्यांचा जुळारी एकेक ओळ पुरी करत पुढे जाई. टेक मात्र सगळा परिच्छेद आधी वाचतो आणि पहिल्या ओळीत थोडी तडजोड केली तर पाचवी सुधारेल का, असा एकत्र विचार करतो. ही पद्धत कनूथ आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये लेख लिहून मांडली. तरीही शब्द मोडावा लागतोच. तो कुठेही मोडून चालत नाही. 'किल्ला' मोडताना वेलांटी एका ओळीत आणि 'क' दुसऱ्या ओळीत असं झालं तर? वाचणाऱ्याला घामच फुटेल. मराठी शब्द कुठे मोडावा याचे नियम आता संगणकासाठी तयार झालेले आहेत, ते लाटेकमध्येही मिळतात.

देवनागरीची सोयही हळूहळू झाली. १९९१ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुइस यांनी टेकसाठी देवनागरी अक्षरं तयार केली. तेव्हा मजकूर रोमन अक्षरांत लिहावा लागे आणि छापताना तो देवनागरी होई. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी 'झीटेक' आणलं आणि थेट मराठीत टाइप करता येऊ लागलं. 'मुक्त' किंवा मुंबईच्या आयआयटीचा 'शोभिका' यांसारखे मोफत फाँट घेतले की काम भागतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिली-दुसरीच्या मुलांसाठी रकाने मुळीच पाडू नयेत. तिसरी-चौथीला दोन पुरेत. तीन रकाने मोठ्यांसाठी. आणि अरुंद रकान्यात उजवी कड सरळ करण्याचा हट्ट सोडावा. कड वाकडी दिसली तरी चालते, फटी मात्र वाचताना टोचतात. कवितेला तर दोन कडा सरळ करण्याचा प्रश्नच नको. कवीने ओळ जिथे मोडली तिथेच ती मोडली पाहिजे. आणि 'दर्पण'सारखे दोन भाषांचे जोडीने चालणारे रकाने हवे असतील तर मल्टिकॉल उपयोगाचं नाही, त्यासाठी 'पॅराकॉल' नावाची वेगळी जोडणी आहे.

पालकांनो, तुमच्या घरी लाटेक नसेल आणि नेहमीचा 'वर्ड' असेल, तरी मुलांना हे करून पाहता येईल. 'लेआउट'मध्ये 'कॉलम्स' मिळतं. मजकूर मुद्दाम पुढच्या रकान्यात ढकलायचा असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकदम दाबायचं. रकाने शेवटी समान उंचीचे हवे असतील तर मजकूर संपतो तिथे 'कंटिन्युअस' प्रकारचा सेक्शन ब्रेक टाकायचा, ही गोष्ट बऱ्याच मोठ्यांनाही ठाऊक नसते. मोफत मिळणाऱ्या 'लिबरऑफिस'मध्येही रकाने आहेत. मुलांना आधी कागदावर पेन्सिलीने वाफे आखू द्या, मग संगणकाकडे सोडा.

आता तुमच्यासाठी एक कोडं. वर्गाच्या अंकात सहा मुलांचे सहा चुटके घ्यायचे आहेत. त्यांच्या ओळी क्रमाने अशा : ४, ६, ४, २, ४, ४. रकाने तीन. कोणताही चुटका दोन रकान्यांत तोडायचा नाही. एकूण ओळी २४, म्हणजे मल्टिकॉलसारखं आपणही ८ पासून सुरू करू. पहिल्या रकान्यात ४ ओळींचा चुटका बसला, पुढचा ६ चा बसत नाही. तो दुसऱ्या रकान्यात गेला, त्याच्याखाली ४ चा बसत नाही. शेवटच्या रकान्यात उरले ४, २, ४, ४, म्हणजे १४ ओळी. फसलं! उंची ९ करून पाहा, तेच होतं. १० केली की पहिल्यात ४ आणि ६, दुसऱ्यात ४, २ आणि ४, तिसऱ्यात शेवटचा ४. जमलं, पण शेवटच्या रकान्याखाली सहा ओळींची जागा रिकामी राहिली.

संगणक इथेच थांबतो, कारण क्रम बदलायची त्याला परवानगी नाही. तुम्हाला आहे, चुटके कोणत्याही क्रमाने वाचले तरी हसू येतंच. क्रम बदलून तिन्ही रकाने बरोबर आठ-आठ ओळींचे होतात, एकही ओळ न गाळता. सहा कागदी पट्ट्या कापा आणि जुळवून बघा.